एक क्रमांकाची प्रोसेस

लिनक्सवर चालणारा कुठलाही संगणक सुरू केला की कर्नल आधी स्वतःचं बस्तान बसवतो. मेमरी ताब्यात घेतो, डिस्क ओळखतो आणि मग एक, फक्त एकच, प्रोग्राम सुरू करतो. त्या प्रोग्रामला प्रोसेस क्रमांक १ मिळतो. त्यानंतर त्या यंत्रावर वापरकर्त्यासाठी जे काही चालतं, म्हणजे लॉगिनची खिडकी, वेब सर्व्हर, डेटाबेस, रात्री दोन वाजता बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, ते सगळं या एकाच्याच वंशातलं असतं. एखाद्या प्रोसेसला जन्म देणारी प्रोसेस मेली, तर ते पोरकं लेकरू सहसा या एक क्रमांकाच्या पदरात येतं. आणि हा एक क्रमांकच मेला तर कर्नल हात टेकतो. पडद्यावर 'इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला' अशा अर्थाची ओळ उमटते आणि यंत्र जागच्या जागी थांबतं.

या एका प्रोग्रामनं काय करावं यावरून लिनक्सच्या जगात साधारण २०१० ते २०१५ अशी पाच वर्षं जे भांडण झालं, तसं त्या जगानं आधी फारसं पाहिलं नव्हतं. अठरा अठरा वर्षं विनामोबदला काम केलेली माणसं प्रकल्प सोडून गेली. एका मोठ्या डिस्ट्रिब्यूशनचे दोन तुकडे झाले. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. संगणक वीस सेकंदांत सुरू होतो की चाळीस, यावरून कोणी राजीनामा देतं का? पण वेग हे निमित्त होतं. यंत्र जागं होताना काय काय चालू व्हावं, कुठल्या क्रमानं व्हावं, हे ठरवायचं कोणी आणि ते ठरवलेलं वाचता कोणाला यावं, हा खरा वाद होता.

गोष्ट युनिक्सपासून सुरू होते. बेल लॅब्समध्ये १९७१ साली युनिक्सची पहिली छापील माहितीपुस्तिका निघाली, तेव्हाही इनिट नावाचा प्रोग्राम होताच. त्याचं काम अगदी मर्यादित. 'आरसी' नावाची एक फाइल चालवायची आणि मग जोडलेल्या प्रत्येक टर्मिनलवर लॉगिनसाठी कोणीतरी बसवून ठेवायचं. आरसी हे नाव 'रनकॉम' या शब्दावरून आलं. तो शब्द एमआयटीच्या सीटीएसएस या १९६०च्या दशकातल्या यंत्रणेतला, आणि त्याचा अर्थ एकामागून एक चालवायच्या आज्ञांची यादी. बर्कलीच्या बीएसडी युनिक्सनं हीच पद्धत पुढे चालवली. एक फाइल, वरून खाली वाचायची, ज्या क्रमानं लिहिलंय त्या क्रमानं चालायचं. एखादी सेवा नको असेल तर तिच्या ओळीपुढे एक चिन्ह टाकून ती ओळ मुकी करायची. यंत्र सुरू होताना काय होतं हे जाणून घ्यायला ती फाइल वाचली की पुरे.

ही पद्धत चांगली होती, फक्त तिच्यात एक गृहीतक दडलेलं होतं. यंत्राला एक मालक आहे आणि ती फाइल तो स्वतः लिहितो, हे ते गृहीतक. बाहेरून सॉफ्टवेअर येऊन आपापल्या सेवा बसवायला लागलं की ते मोडतं. दहा परक्या प्रोग्रामांनी एकाच फाइलमध्ये आपापल्या ओळी घुसवायच्या आणि काढताना त्याच नेमक्या काढायच्या, हे फार काळ निभणारं नव्हतं.

एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सनं यावर जे उत्तर काढलं, ते पुढे लिनक्सवर वीसेक वर्षं टिकलं. प्रत्येक सेवेची वेगळी स्क्रिप्ट, आणि सगळ्या स्क्रिप्टा 'इनिट.डी' या डिरेक्टरीत. यंत्राच्या अवस्था ठरलेल्या, त्यांना रनलेव्हल म्हणायचं. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे दुरुस्तीपुरतं एकट्यासाठी, सहा म्हणजे पुन्हा सुरू, मधल्या अवस्था रोजच्या कामाच्या. प्रत्येक अवस्थेची एक डिरेक्टरी, आणि तिच्यात मूळ स्क्रिप्टांकडे बोट दाखवणारे दुवे. दुव्याचं नाव 'एस'नं सुरू झालं तर सेवा चालू करायची, 'के'नं झालं तर मारायची. पुढे दोन आकडी संख्या. इनिटची स्क्रिप्ट ही नावं क्रमानं वाचत जायची, म्हणून एस १० आधी आणि एस ९० नंतर. नवीन पॅकेज आलं की त्यानं आपला एक दुवा टाकायचा, दुसऱ्याच्या फाइलला हात लावायचा नाही.

कल्पना सुबक होती. पण त्या दोन आकड्यांत सगळं शहाणपण कोंबलेलं होतं. मेल सर्व्हरला नेटवर्क आधी लागतं, हे कुठेच लिहिलेलं नसे. नेटवर्कचा आकडा दहा आणि मेलचा ऐंशी, एवढ्यावरून ते ओळखायचं. पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसलंय यावरून नाती ओळखण्यातला हा प्रकार.

लिनक्सचं कर्नल १९९१ साली आलं. त्याच्याभोवती बाकीचं सॉफ्टवेअर गोळा करून वापरण्याजोगी पूर्ण यंत्रणा बांधणारे जे प्रकल्प उभे राहिले, ती डिस्ट्रिब्यूशन्स. मिकेल फान स्मूरनबर्ग या डच प्रोग्रामरनं सिस्टिम फाइव्हच्या धर्तीवर लिनक्ससाठी इनिट लिहिलं आणि बहुतेकांनी तेच घेतलं. पण इनिट एक असलं तरी त्याच्यावरचं घर प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं बांधलं, आणि या इतिहासातला मला सर्वात रंजक वाटणारा भाग तोच आहे.

स्लॅकवेअर १९९३चं. त्यानं बीएसडीच्या वळणाच्या स्क्रिप्टा ठेवल्या. एखादी सेवा चालू ठेवायची तर तिच्या स्क्रिप्टला 'चालवण्यायोग्य' ही परवानगी द्यायची, बंद करायची तर काढून घ्यायची. वेगळं साधन नाहीच. जो फाइलींच्या परवानग्या समजून आहे त्याला सगळं समजलं. आर्चमध्ये एकाच फाइलमध्ये कंसात सेवांची नावं ओळीनं लिहायची. नावाआधी उद्गारचिन्ह टाकलं की ती बंद, '@' हे चिन्ह टाकलं की पाठीमागे चालू. जेंटूचं 'आरसी-अपडेट' वेगळं. त्यात कोणाला कोणाची गरज आहे हे स्क्रिप्टमध्येच सांगता येई. रेड हॅटनं सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सवरून स्फूर्ती घेऊन 'चेककॉन्फिग' आणलं. स्क्रिप्टच्या डोक्यावर एक टिप्पणीची ओळ असे, '२३४५ ९० १०' अशासारखी. म्हणजे या चार रनलेव्हलांत चालू कर, चालू करताना ९०वा क्रम, बंद करताना १०वा. शेलच्या दृष्टीनं ती निव्वळ टिप्पणी, चेककॉन्फिगच्या दृष्टीनं हुकूम.

डेबियनचं साधन 'अपडेट-आरसी.डी'. त्यात एक गंमत होती. सेवा नको म्हणून तुम्ही तिचे सगळे दुवे काढून टाकले, तर पॅकेजची पुढची आवृत्ती आल्यावर ते परत हजर. एकही दुवा नाही याचा अर्थ 'ही सेवा अजून बसवलेलीच नाही' असा घेतला जाई. सेवा खरोखर बंद ठेवायची तर एखादा 'के'चा दुवा शिल्लक ठेवावा लागे. नकार कळवायचा तर तो लेखी हवा, गैरहजेरी म्हणजे नकार नव्हे.

रनलेव्हलांचेही अर्थ वेगळे. रेड हॅटवर तीन म्हणजे नुसती अक्षरांची स्क्रीन आणि पाच म्हणजे खिडक्यांचा डेस्कटॉप. स्लॅकवेअरवर डेस्कटॉप चारमध्ये. डेबियनवर दोन ते पाच सगळे सारखेच, त्यांत काय फरक करायचा ते मालकानं ठरवावं. नावंसुद्धा जुळत नसत. अपाची वेब सर्व्हर रेड हॅटवर 'एचटीटीपीडी' आणि डेबियनवर 'अपाची टू'. एकाकडे 'क्रॉन', दुसऱ्याकडे 'क्रॉनडी'. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची यात वाट लागे, कारण एकाच सेवेसाठी प्रत्येक डिस्ट्रिब्यूशनची निराळी स्क्रिप्ट लिहून द्यावी लागे. लिनक्स स्टँडर्ड बेस या मानकानं हे जुळवायचा प्रयत्न केला. स्क्रिप्टच्या माथ्यावर ठराविक शीर्षक असावं, त्यात ही सेवा काय पुरवते आणि तिला आधी काय लागतं ते लिहावं, असं ठरलं. सूसेनं ते लवकर मनावर घेतलं. डेबियननं त्यावर आधारलेला क्रम मुलभूत म्हणून स्वीकारला तो २०११च्या आवृत्तीत, म्हणजे जी पद्धत जायच्या वाटेवर होती तिची दुरुस्ती तेव्हा कुठे पूर्ण झाली.

या स्क्रिप्टांबद्दल आता बरेच लोक हळवे होऊन बोलतात, म्हणून त्या आतून कशा होत्या तेही सांगायला हवं. दीडशे ओळींची शेल स्क्रिप्ट, तिच्यातल्या एकशे तीस ओळी कुठल्याही सेवेला सारख्याच, आणि तरी प्रत्येकानं थोड्या वेगळ्या चुकांसह लिहिलेल्या. सेवा पाठीमागे जाताना मुद्दाम दोनदा प्रोसेस दुभंगायची, म्हणजे ती सुरू करणाऱ्यापासून पूर्ण सुटी व्हायची. मग तिचा क्रमांक ठाऊक राहावा म्हणून ती तो एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. सेवा मध्येच कोसळली तर फाइल तशीच राहायची. काही तासांनी तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळायचा, आणि 'बंद कर' म्हटल्यावर स्क्रिप्ट त्या भलत्याला मारायची. सेवा मेली आहे हे इनिटला कळतच नसे, कारण सुरू करून दिल्यावर त्याचा तिच्याशी संबंध संपलेला असे.

पण त्या स्क्रिप्टांत आणखीही काही असायचं. एका जुन्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट मी नोकरीत वाचली होती. तिच्यात डेटाबेस सुरू करण्याआधी तीस सेकंद थांबायची आज्ञा होती आणि वर टिप्पणी, की स्टोरेजची पेटी वीज गेल्यानंतर उशिरा जागी होते. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला होता. अडाणी उपाय, पण कोणालाही वाचता येणारा, आणि त्या जागेची आठवण जपणारा.

२००० नंतर यंत्रंच बदलली. यूएसबीचं उपकरण कधीही जोडलं जातं, वायफाय कधीही येतं आणि जातं. 'आधी हे, मग ते' अशी आधीच लिहून ठेवलेली रांग अशा यंत्राला पुरत नाही. सननं सोलारिस १०मध्ये सेवा सांभाळणारी नवी व्यवस्था आणली आणि अ‍ॅपलनं मॅकसाठी 'लाँचडी', दोन्ही २००५ साली. लिनक्सवर पहिलं मोठं पाऊल उबुंटूचं. स्कॉट जेम्स रेमनंट यानं लिहिलेलं 'अपस्टार्ट' ऑक्टोबर २००६च्या उबुंटू ६.१०मध्ये आलं. त्यात क्रमाऐवजी घटना होत्या, म्हणजे नेटवर्क आलं ही घटना घडली की अमुक सेवा चालू कर. फेडोरानं ते घेतलं, २०१०च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६मध्येही ते होतं. पण या दोघांनी त्याच्यावर जुन्या स्क्रिप्टाच चालवल्या. शिवाय अपस्टार्टमध्ये भर घालायची तर कॅनॉनिकल कंपनीला व्यापक हक्क देणाऱ्या करारावर सही करावी लागे, आणि ते बाहेरच्या अनेकांना रुचत नव्हतं.

३० एप्रिल २०१० रोजी रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या लेनार्ट पोएटरिंगनं एक लांबलचक लेख लिहून 'सिस्टमडी'ची घोषणा केली. त्याच्या बरोबर होता काय सीव्हर्स. त्यातली मध्यवर्ती कल्पना मला आजही देखणी वाटते. दोन सेवा एकमेकींशी सॉकेटमधून बोलतात. मग सगळ्या सेवांचे सॉकेट आधी एक क्रमांकानंच उघडून ठेवायचे आणि सेवा एकदमच सुरू करायच्या. एखादी अजून तयार नसेल तर तिच्यासाठी आलेले निरोप कर्नलकडे साठून राहतात. नव्या घरात माणसं राहायला येण्याआधी दाराला पत्रपेटी लावून ठेवावी तसं. अशा सेवांपुरता क्रमाचा प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे, कर्नलमध्ये २००८पासून आलेले 'सीग्रुप' वापरून प्रत्येक सेवेची सगळी पिलावळ एका गटात बांधायची. कितीही वेळा दुभंगली तरी गटाबाहेर निसटत नाही, म्हणून क्रमांकाची फाइल नको आणि भलत्याला मारणं नको. आणि तिसरं, दीडशे ओळींच्या स्क्रिप्टच्या जागी आठदहा ओळींची साधी फाइल. कसं करायचं ते लिहायचं नाही, काय हवं तेवढं लिहायचं.

मे २०११च्या फेडोरा १५मध्ये सिस्टमडी आलं, वर्षअखेर ओपनसूसेमध्ये, ऑक्टोबर २०१२मध्ये आर्चमध्ये. तांत्रिक बाजूनं पाहिलं तर सिस्टमडी जिंकायलाच हवं होतं असं माझं मत आहे. ज्यांनी विरोध केला त्यांना मात्र मी जुनाट म्हणणार नाही. त्यांचा मुद्दा असा, की जे वाचता येत होतं ते आता सीमध्ये लिहिलेल्या एका मोठ्या प्रोग्रामच्या पोटात गेलं. नोंदी साध्या मजकुराऐवजी बायनरी स्वरूपात गेल्या. उपकरणं ओळखणारं 'यूडेव्ह' एप्रिल २०१२मध्ये सिस्टमडीत विलीन झालं, तर जेंटूच्या काहींनी त्याची वेगळी शाखा काढली. लॉगिन सांभाळणारं 'लॉगिनडी' त्याच छत्राखाली, आणि ग्नोम डेस्कटॉप त्यावर विसंबायला लागलेला. २०१३च्या मध्यापासून लॉगिनडी चालवायला एक क्रमांकावर सिस्टमडीच असावं लागे. म्हणजे खिडक्यांचा एक विशिष्ट डेस्कटॉप हवा असेल, तर यंत्राची पहिली प्रोसेस कोणती हा निर्णय तुमच्यासाठी आधीच झालेला. पोएटरिंगच्या आधीच्या पल्सऑडिओनं अनेकांच्या संगणकांचा आवाज काही काळ बिघडवला होता, तो रागही शिल्लक होता. पुढे या वादाची पातळी इतकी घसरली, की आपल्याला मारण्याची सुपारी देण्यासाठी लोक पैसे गोळा करत होते, असं त्यानं २०१४ साली जाहीरपणे लिहिलं.

बाकी डिस्ट्रिब्यूशन्समध्ये कंपनीनं किंवा थोड्या मुख्य लोकांनी ठरवलं आणि झालं. डेबियनचं तसं नाही. ती स्वयंसेवकांची संस्था. तिला १९९८पासून लिखित घटना आहे आणि मतदान होतं. ऑक्टोबर २०१३मध्ये पुढच्या आवृत्तीत मुलभूत इनिट कोणतं, हा प्रश्न तिच्या तांत्रिक समितीकडे गेला. बगांच्या यादीत त्याचा क्रमांक ७२७७०८. समितीत आठ माणसं. त्यांतले काही कॅनॉनिकलचे आजी-माजी कर्मचारी, म्हणून आपल्या मालकाच्या अपस्टार्टची बाजू घेणार हा आरोप आधीच तयार. रस ऑलबेरी यानं मात्र स्वतः सांभाळत असलेल्या पॅकेजवर दोन्ही वापरून पाहिली आणि सिस्टमडीच्या बाजूनं विस्तारानं लिहिलं. अख्ख्या वादात मला सर्वात वाचनीय वाटलेला मजकूर तोच. कोणाची टर नाही आणि हातचं राखणंही नाही.

फेब्रुवारी २०१४मध्ये मतं समसमान पडली, चार विरुद्ध चार. ११ फेब्रुवारीला समितीचे अध्यक्ष बीडेल गार्बी यांनी निर्णायक मत वापरलं आणि सिस्टमडी जिंकलं. तीनच दिवसांनी मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं, की उबुंटूही आपलं अपस्टार्ट सोडून डेबियनच्या मागे जाईल. आठ माणसांतल्या एका मतानं दोन मोठी डिस्ट्रिब्यूशन्स वळली, आणि त्यांच्यावर बेतलेली कित्येक छोटीही.

शांतता त्यामुळे आली नाही. इयन जॅक्सन समितीत सिस्टमडीच्या विरोधात होता. एका विशिष्ट इनिटवाचून चालणार नाही अशी सक्ती पॅकेजांनी करू नये, हा प्रस्ताव त्यानं सर्वसाधारण मतदानाला नेला. नोव्हेंबर २०१४मध्ये सदस्यांनी कौल दिला तो 'असा ठराव करण्याची गरजच नाही' या पर्यायाला. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो, पण ज्यांनी महिनोन्‌महिने भांडून प्रश्न मांडला त्यांना तो कसा लागला असेल याची कल्पना करता येते. त्याच महिन्यात जॅक्सननं समिती सोडली. ऑलबेरी आणि कॉलिन वॉटसन यांनीही समितीतून बाहेर पडायचं ठरवलं, म्हणजे जिंकणाऱ्यांपैकी आणि हरणाऱ्यांपैकी दोघांनाही ते पद नकोसं झालं. सिस्टमडीचं पॅकेज सांभाळणाऱ्या टोलेफ फोग हीननं ते काम सोडलं, सततच्या शिव्या झेलून. आणि १९९६पासून असलेला जोई हेस, ज्याच्या 'डेबहेल्पर'वर डेबियनची बहुतेक पॅकेजं बांधली जातात, तो प्रकल्पच सोडून गेला. जाताना त्यानं दोष इनिटला दिला नाही, घटनेला दिला. तिनं प्रकल्पाला हळूहळू वाईट दिशेला नेलं, आणि ती आली तेव्हाच आपण विरोधात बोलायला हवं होतं, अशी खंत त्यानं लिहून ठेवली.

महिनाअखेरीस 'व्हेटरन युनिक्स अ‍ॅडमिन्स' या नावानं काहींनी डेबियनची फारकत घेतलेली शाखा जाहीर केली, डेव्हुआन. तिची पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडलं. एप्रिल २०१५मध्ये डेबियन ८ सिस्टमडीसह निघालं. फ्रीबीएसडीच्या कर्नलवर चालणारी डेबियनची शाखा त्या आवृत्तीत अधिकृत राहिली नाही. सिस्टमडी फक्त लिनक्सवर चालतं, पण त्या शाखेला माणसंही आधीपासून अपुरी पडत होती, तेव्हा सगळं खापर एकावर फोडता येत नाही. डिसेंबर २०१९मध्ये डेबियननं पुन्हा मतदान केलं. सिस्टमडीवर भर, पर्यायांचा शोध घेणाऱ्यांना मुभा, हा पर्याय निवडून आला. यावेळी कोणी फारसं ओरडलं नाही.

सिस्टमडी नसलेली बेटं अजून आहेत. स्लॅकवेअर परवानग्यांच्या पद्धतीवर ठाम आहे, अल्पाइन आणि जेंटू ओपनआरसीवर, व्हॉइड रनइटवर. पण नोकरीत भेटणाऱ्या बहुतेक सर्व्हरवर आता सेवा चालू करायची एकच आज्ञा आहे, 'सिस्टमसीटीएल'. माझ्यानंतर कामाला लागलेल्या मुलांना चेककॉन्फिग आणि अपडेट-आरसी.डी ही नावं मुलाखतीपुरतीही लागत नाहीत.

एक फरक मात्र सिस्टमडीनंही पुसला नाही. डेबियनवर किंवा उबुंटूवर वेब सर्व्हर बसवा, बसवून होताच तो चालू होतो आणि पुढच्या वेळीही आपोआप चालू होतो. वापरायचा नसता तर तुम्ही बसवला कशाला, असा त्यामागचा विचार. फेडोरावर तोच सर्व्हर बसवा, तो गप्प पडून राहतो. नीट जुळवणी करून तुम्ही स्वतः चालू केलात तरच चालेल. कोणत्या सेवा आपोआप चालाव्यात याची यादी फेडोरा वेगळ्या 'प्रीसेट' फाइलींत ठेवतो, आणि बहुतेक सेवा त्या यादीत नसतात. डेबियनवर असं आपोआप सुरू होणं नको असेल, तर आजही 'पॉलिसी-आरसी.डी' नावाची एक चिमुकली स्क्रिप्ट लिहून ठेवावी लागते. सिस्टमडीच्या कितीतरी आधीची ही सोय. तिनं १०१ हा आकडा परत केला की 'मनाई आहे' असा अर्थ होतो. डॉकरसाठी तयार मिळणाऱ्या डेबियनच्या प्रतींमध्ये ही स्क्रिप्ट आधीच ठेवलेली असते, कारण तिथे एक क्रमांकाची प्रोसेस बहुधा इनिट नसतेच, तुमचा प्रोग्रामच असतो.